घर सासऱ्यांच्या नावावर आहे, मग माझा हक्क काय?

एका ताईंच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी सात वर्षांची. पिंपरी-चिंचवडमध्ये दोन बीएचके फ्लॅट, तो सासऱ्यांच्या नावावर. नवरा मारतो, अलीकडे मुलीसमोरही. तक्रारीचं नाव काढलं की सासरे म्हणतात, "घर माझं आहे, उद्याच धाकट्याच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकतो, मग बघू कुठं राहतेस." ताई एका दवाखान्यात स्वागतिकेचं काम करतात, पगार चौदा हजार. माहेर लातूरकडं, तिथं भावाचा संसार. त्या तीन गोष्टी विचारतात. माझा या घरावर काही हक्क आहे का? मी बाहेर पडले तर तो हक्क जाईल का? आणि सरकारकडून माझ्यासारखीला घर मिळतं का?

ताई, कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं मी बावीस वर्षं चालवते आहे. हे तीन प्रश्न मला बहुतेक याच क्रमानं विचारले जातात. पहिल्याचं उत्तर "हो" आहे. दुसऱ्याचं "नाही, जात नाही". तिसऱ्याचं उत्तर देताना मला आजही राग येतो. तिथं मी शेवटी येते, कारण आज रात्री तुमच्या कामाचे पहिले दोन आहेत.

एक फरक आधी नीट समजून घ्या. मालकी वेगळी आणि राहण्याचा हक्क वेगळा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा (आम्ही कोर्टात त्याला नुसतं "डीव्ही" म्हणतो) २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये स्वच्छ लिहिलंय, की ज्या घरात तुम्ही घरच्या नात्यानं राहता किंवा राहिला आहात, तिथं राहण्याचा तुम्हाला हक्क आहे, मग त्या घरावर तुमचं नाव असो वा नसो. कायद्याची रीतसर प्रक्रिया झाल्याशिवाय तुम्हाला तिथून काढता येत नाही. फ्लॅट तुमचा होत नाही. तो विकून पैसे मिळणार नाहीत, वाटणीही मागता येणार नाही. पण सासऱ्यांनी बॅग दाराबाहेर ठेवली म्हणून तुम्ही बाहेर, हे चालणार नाही.

शेजारणीनं किंवा एखाद्या वकिलानंही तुम्हाला "सासऱ्यांच्या घरात सुनेचा हक्क नसतो" असं सांगितलं असेल. ते पूर्ण चुकीचं नव्हतं, जुनं आहे. कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, डिसेंबर २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं बत्रा प्रकरणात म्हटलं होतं, की घर नवऱ्याच्या मालकीचं असेल, त्यानं भाड्यानं घेतलेलं असेल किंवा एकत्र कुटुंबाचं असेल तरच ते "सामाईक घर", म्हणजे राहण्याचा हा हक्क लागू होतो असं घर. त्या खटल्यातलं दिल्लीचं घर सासूच्या नावावर होतं, त्यामुळे सून बाहेर. पुढची जवळजवळ चौदा वर्षं या एकाच निकालावर कितीतरी बायकांचे अर्ज फेटाळले गेले. घर सासऱ्याच्या नावावर दाखवलं की प्रकरण संपलं. मुलाचा पगार, बापाचं नाव आणि सुनेचा घाम, अशी घरं मी शेकड्यानं पाहिली आहेत.

१५ ऑक्टोबर २०२० ला सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं बत्राचा निकाल चुकीचा ठरवला. घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं, पण सून तिथं कायमच्या वस्तीच्या हेतूनं राहत असली, तर ते तिचं सामाईक घर. पाहुणी म्हणून चार दिवस गेलेलं घर नव्हे. जिथं तुमचं बिऱ्हाड आहे ते घर. तुमची अकरा वर्षं तिथं गेली, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर तोच पत्ता आहे, गॅसचं पुस्तकही तिथलंच. तुमची बाजू इथं भक्कम आहे.

सासऱ्यांची धमकी मात्र मी हलक्यात घेत नाही. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं. वर बाकीचे आकार असतात, पण लाखोंचा फ्लॅट एका दुपारी दुसऱ्याच्या नावावर जातो. दुसरी वाट प्रांत कार्यालयातून जाते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली आईवडील "मुलगा-सून छळतात, घर रिकामं करून द्या" असा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करतात. अनेकदा मुलगा त्या अर्जाला विरोधच करत नाही, कारण अर्ज त्याच्याच सल्ल्यानं झालेला असतो. खऱ्या छळलेल्या म्हाताऱ्यांसाठी केलेला हा कायदा सुनेला हाकलायला वापरला जातो, हे मी स्वतः पाहिलंय.

डिसेंबर २०२० मध्ये बंगळुरूच्या एस. वनिता यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढं नेमकं हेच आलं. त्या घराचा प्रवास बघा. आधी ते नवऱ्यानं घेतलं, मग स्वतःच्या वडिलांना विकलं, आणि घटस्फोटाचं प्रकरण सुरू झाल्यावर वडिलांनी ते आपल्या बायकोला बक्षीस दिलं. मग सासू-सासरे ज्येष्ठ नागरिक म्हणून सुनेला काढायला गेले. न्यायालयानं तो घर रिकामं करण्याचा आदेश रद्द केला. सांगितलं, की ज्येष्ठ नागरिक कायद्यातली झटपट प्रक्रिया वापरून बाईचा सामाईक घराचा हक्क पुसता येणार नाही. तेव्हा प्रांताची नोटीस आली तर घाबरून फ्लॅट सोडू नका, आणि तारखेला गैरहजरही राहू नका. मुदतीत लेखी म्हणणं द्या, त्यात डीव्हीचा अर्ज क्रमांक लिहा. अर्ज अजून केला नसेल तर आधी तो करा.

बक्षीसपत्रासाठी कलम १९(१)(ड) खाली मनाई मागायची. घर विकू नये, बक्षीस देऊ नये, गहाण टाकू नये. घर सासऱ्यांचं स्वकष्टाचं असेल तर कोर्ट हा आदेश देताना हात आखडता घेतं, हे आधीच सांगते. म्हणून सोबत दुसरी मागणी हवीच: घर कुणाच्याही नावावर गेलं तरी तुमच्या राहण्याला धक्का लागू नये. आदेश मिळाला की त्याची प्रत सोसायटीच्या सचिवांना द्या, पोच घ्या. कर्ज असेल तर बँकेलाही द्या. पोच म्हणजे तुमच्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख. "दिलं होतं हो मॅडम" याला कोर्टात किंमत नाही.

आता जे वकील सहसा पहिल्या भेटीत सांगत नाहीत ते सांगते. आहुजाच्या निकालातच हेही म्हटलंय, की वृद्ध सासू-सासऱ्यांना त्यांच्या घरात शांततेनं राहण्याचा हक्क आहे आणि कोर्टानं दोन्ही बाजू तोलायच्या आहेत. नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश कलम १९(१)(ब) खाली मिळू शकतो. मुंबईच्या एका प्रकरणात कुटुंब न्यायालयानं तो दिला, उच्च न्यायालयानं आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो उचलून धरला. पण हा आदेश कुठल्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही, म्हणजे सासूबाई घरातच राहणार. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक मोरी आणि कोर्टात समोरासमोर उभी असलेली माणसं. आदेश घेऊन परत त्याच घरात राहायला गेलेल्या माझ्या अशिलांपैकी काही जणी टिकल्या, काही चार महिन्यांत बाहेर पडल्या. एकीच्या वाटच्या गॅस सिलिंडरला सासूनं साखळी लावली होती. ती इंडक्शन शेगडीवर बेडरूममध्ये मुलाचा डबा करायची. मग मीटरचं बटण बंद व्हायला लागलं.

म्हणून कलम १९(१)(फ) नीट वाचा. तुम्ही राहत होता त्याच दर्जाचं दुसरं घर द्यावं, किंवा त्याचं भाडं द्यावं. बहुतेक प्रकरणं शेवटी इथंच येऊन थांबतात, आणि इथंच आमची वकील मंडळी आळस करतात. अर्जात छापील वाक्य असतं, "पर्यायी निवासाची सोय करावी". कोर्ट मग अंदाजानं तीन हजार, पाच हजार लिहितं. पाच हजारांत पिंपरीत काय मिळतं हे तुम्हाला माहीत आहे. मागणी आकड्यांत करा. मुलीच्या शाळेच्या टप्प्यातल्या तीन-चार फ्लॅटची भाडी काढा, एजंटाचा मेसेज किंवा ओळखीच्या कुणाचा नोंदणीकृत भाडेकरार जोडा. आणि डिपॉझिट विसरू नका. कोर्ट दरमहा भाडं देतं, पण घरमालकाला किल्ली द्यायच्या आधी डिपॉझिट लागतं, एजंटाला दलाली लागते, टेम्पोवाल्याला त्याच दिवशी रोख लागतात. पहिल्या आठवड्यातली ही रक्कम नसल्यानं हातात भाड्याचा आदेश असलेल्या बायका बहिणीच्या हॉलमध्ये झोपताना मी पाहिल्या आहेत. कलम २० खाली एकरकमी रक्कम मागता येते. डिपॉझिट, दलाली, वाहतूक आणि गादी-गॅस-भांड्यांचा खर्च वेगळा मांडून मागा. कोर्ट सगळं देईलच असं नाही. न मागितलेलं मात्र कधीच मिळत नाही.

तुमचा पगार लपवू नका. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. चौदा हजार मिळवणारी बाई भाड्याला मुकत नाही, खोटं बोललेली मात्र नक्की अडचणीत येते.

आता दुसरा प्रश्न, बाहेर पडू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मागच्या महिन्यात त्यानं गळा दाबला. गळ्यापर्यंत हात गेला की मी कायद्याचं पुस्तक बाजूला ठेवते. इतकी वर्षं हे काम केल्यावर मी एवढं शिकले आहे, की गळा दाबणारा माणूस पुढं कुठं थांबेल हे कुणी सांगू शकत नाही. निघा. हक्क टिकवायचा म्हणून तिथं बसू नका. "घर सोडलं की केस कमजोर होते" हे वाक्य अजून कोर्टाच्या आवारात फिरतं आणि बायकांना मारत्या हाताखाली बसवून ठेवतं. कायद्यात "राहत आहे किंवा राहिलेली आहे" असे दोन्ही शब्द आहेत. मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी या विधवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढं जाऊन सांगितलं, की हिंसा झाली तेव्हा ती बाई प्रत्यक्ष त्या घरात राहत नव्हती तरी तिचा राहण्याचा हक्क उरतो. त्याच निकालात हेही आहे, की संरक्षण अधिकाऱ्याचा (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचा) घरगुती घटना अहवाल आला नाही म्हणून कोर्टानं आदेश अडवून ठेवायचं कारण नाही. अहवाल जरूर करून घ्या, पण अधिकारी रजेवर आहेत म्हणून महिनाभर थांबू नका.

निघणं आणि घर सोडून दिल्याची सही देणं या दोन गोष्टी कधीही मिसळू नका. आपल्याकडं भांडण वाढलं की चार लोकांची बैठक बसते. मामा येतात, मध्यस्थी केलेले गृहस्थ येतात, सगळे म्हणतात, "थोडे दिवस माहेरी जाऊ दे, डोकी थंड होतील." मग कुणीतरी पाचशेचा स्टँपपेपर काढतो. "मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता सासर सोडून जात आहे, माझे सर्व दागिने मला मिळाले." खाली सही, दोन साक्षीदार. माझ्याकडं आलेल्या एका प्रकरणात ही सही घेतली त्या दिवशी बाईचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, तिनं डाव्या हाताचा अंगठा दिला होता. ती पदवीधर होती. त्या अंगठ्यानंच पुढं तिला वाचवलं, कारण पदवीधर बाई अंगठा का देते हा प्रश्न दंडाधिकाऱ्यांनी स्वतःहून विचारला. सगळ्यांचं नशीब असं नसतं. काहीही सही करू नका, चहा पिऊन उठा.

निघाल्याबरोबर, शक्यतो त्याच रात्री, एक नोंद करून ठेवा. भावाला किंवा मैत्रिणीला मेसेज टाका: आज अमुक तारखेला अमुक कारणानं मी मुलीला घेऊन बाहेर पडत आहे, माझं सामान आणि दागिने घरातच आहेत. दोन ओळी पुरतात. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. मानेवर वळ नसला तरी गिळताना दुखतं, आवाज बसलाय, हे डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

बरोबर काय घ्यायचं? दागिने हाताशी असतील तर घ्या, नसतील तर जीव धोक्यात घालून कपाट उघडू नका. स्त्रीधन परत देण्याचा आदेश कलम १९(८) खाली मिळतो. मुलीचा जन्मदाखला, दोघींची आधार कार्डं, तुमचं पासबुक, लग्नाचा एखादा फोटो किंवा पत्रिका, त्या पत्त्याची तुमच्या नावानं आलेली कुठलीही चिठ्ठी. मुलीची नेहमीची औषधं. मुलीच्या अभ्यासाचा टॅब घेणार असाल तर त्यात नवऱ्याचं जीमेल खातं आहे का ते आधी पाहा. नवरा नव्या पत्त्यावर पोचतो तो बहुतेक वेळा नातेवाइकांकडून नव्हे, तर तिच्याच फोनमधून. जेवण मागवायचं दोघांचं एकच खातं, स्कूल बसचं ॲप, कधीतरी हौसेनं चालू केलेलं लोकेशन. अर्जावरही नवा पत्ता उघडा लिहू नका. माहेरचा द्या किंवा वकिलाच्या मार्फत लिहा, आणि तसं का हे कोर्टाला सांगा. तात्पुरत्या राहत असाल त्या ठिकाणच्या कोर्टातही अर्ज करता येतो, लातूरला गेलात तर लातूरला.

पहिल्या रात्रीसाठी ११२ वर पोलीस आणि १८१ वर महिला हेल्पलाइन. प्रत्येक जिल्ह्यात "सखी" वन स्टॉप सेंटर आहे. तिथं साधारण पाच दिवस राहता येतं, वकील, समुपदेशक, पोलिसांशी गाठ घालून देणं, हे एका छताखाली व्हावं अशी कल्पना आहे. त्याच्या पुढं शक्ती सदन, ज्याला पूर्वी स्वाधार गृह म्हणत. तिथं जास्त काळ राहता येतं. मी खोटा दिलासा देणार नाही. काही ठिकाणी माणसं जीव लावून काम करतात, काही ठिकाणी गेटला कुलूप आणि फोन जमा अशी व्यवस्था असते, आणि नोकरी करणाऱ्या बाईला ते जमत नाही. तुमची मुलगी आहे म्हणून दोघी एकत्र राहाल. ज्यांचा मुलगा मोठा झालाय त्यांना मुलाला वेगळं ठेवा असं सांगितलं जातं, आणि त्या आई पायरीवरूनच परत सासरी जातात. पोलीस ठाण्याच्या आवारात महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष असतो. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर तो सुरू केला, आता तो राज्यभर आहे. तिथल्या समाजसेविकांशी आधी बोला. ठाणे अंमलदारासमोर उभं राहण्याच्या आधी सोबत कुणी माहितगार बाई असली की प्रसंगच वेगळा होतो.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० ला फोन लावा.

कोर्टाचं वेळापत्रक कागदावर छान आहे: पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच दोन-तीन तारखा जातात. म्हणून अर्जासोबत कलम २३ चा अंतरिम अर्ज हवा, आणि धोका मोठा असेल तर समोरच्याला न ऐकता आदेश द्यावा अशी मागणी हवी. आणि निवासाचा आदेश एकटा मागू नका, त्याला कलम १८ चा संरक्षण आदेश जोडा. कलम ३१ खालची शिक्षा, म्हणजे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, संरक्षण आदेश मोडल्यावर आहे. नुसता निवासाचा आदेश मोडला तर ३१ लागतं की नाही यावरच समोरचा वकील सहा महिने काढतो.

आदेशाची भाषाही बघून घ्या. एका मार्चमध्ये मी एका अशिलाबरोबर "प्रतिवादींनी अर्जदारास घरात प्रवेश करू द्यावा" असा आदेश घेऊन गेले. सोबत एक महिला कॉन्स्टेबल. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, सगळे गावी गेलेत. कॉन्स्टेबल म्हणाल्या, "मॅडम, आदेशात कुलूप तोडा असं कुठंय?" नव्हतंच. दुपारच्या उन्हात त्या बाईनं जिन्यावर बसून मुलाला केळं सोलून दिलं आणि आम्ही खाली उतरलो. नवा अर्ज, नवी तारीख, एकोणीस दिवस. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक अर्जात मागणी असते: जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी सोबत जावं, घर बंद असल्यास पंचनामा करून कुलूप काढावं, आणि वीज-पाणी तोडू नये. पोलिसांना मदतीचा आदेश देण्याचा अधिकार कलम १९ मध्येच आहे. वकिलांकडून ही ओळ लिहून घ्या, लाजू नका.

तुमचं नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचं घर भाड्याचं असेल, करार नवऱ्याच्या नावावर असेल, आणि तो भाडं थांबवून घरमालकाकरवी तुम्हाला काढू पाहत असेल, तर २००५ च्या अचला आनंद प्रकरणातला निकाल वकिलांना दाखवा. नवऱ्यानं टाकलेली बायको घरमालकाच्या दाव्यात स्वतः उभी राहू शकते, भाडं भरू शकते. आणि कंपनीचं किंवा पोलीस लाइनचं क्वार्टर असेल, तर नोकरी गेली की क्वार्टर जातं. तिथं सुरुवातीपासूनच पर्यायी घराचं भाडं मागणं शहाणपणाचं.

माहेराबद्दल एक गोष्ट, कारण तुम्ही भावाचा उल्लेख केलात. वडिलांच्या जमिनीवर, घरावर तुम्ही हक्कसोडपत्र करून दिलंय का? लग्नानंतर वर्षभरात भाऊ तलाठ्याकडं घेऊन जातो, साडी घेतो, आणि बहीण सही करते, हे आपल्याकडं इतकं सवयीचं आहे की बायकांना ते आठवतही नाही. २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार झाली. सही केली नसेल तर आता करू नका. भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. पण लातूरच्या घरात एक खोली मागताना तुम्ही उपकार मागत नाही, हे तुम्हालाही माहीत असावं आणि वहिनींनाही.

आता तिसरा प्रश्न. सरकार घर देतं का?

म्हाडाच्या सोडतीचा अर्ज उघडा. पत्रकारांसाठी प्रवर्ग आहे, कलाकारांसाठी आहे, आजी-माजी लोकप्रतिनिधींसाठी आहे. नवऱ्याच्या मारापासून बाहेर पडलेल्या बाईसाठी नाही. बरं, सर्वसाधारण गटातून भरावा, तर उत्पन्न मोजताना नवरा-बायकोचं मिळून मोजतात, आणि दोघांपैकी कुणाच्या नावावर त्या हद्दीत घर असेल तर अर्ज बाद. प्रधानमंत्री आवास योजनेतही कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. कुटुंबात कुणाच्या नावावर पक्कं घर नसावं ही अट. २०२४ मध्ये आलेल्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात विधवा आणि एकल महिलांना प्राधान्य दिलंय, ते चांगलंच आहे. पण घटस्फोटाचा हुकूमनामा हातात येईपर्यंत कागदावर तुम्ही एकल नाही. म्हणजे ज्या नवऱ्यानं फ्लॅटमधून हाकललं, त्याचंच उत्पन्न, किंवा त्याच्या नावावर घर असेल तर तेच, तुम्हाला दुसऱ्या घरासाठी अपात्र ठरवतं. घटस्फोटाला आपल्याकडं किती वर्षं लागतात हे मी सांगायला नको.

ही अट बदलणं अवघड नाही. दंडाधिकाऱ्यांचा संरक्षण किंवा निवास आदेश असलेल्या स्त्रीला योजनेसाठी स्वतंत्र कुटुंब धरावं, एवढा एक शासन निर्णय पुरेल. मी हे बैठकांमध्ये, निवेदनांमध्ये अनेकदा मांडलंय आणि मांडत राहणार आहे. भाड्यासाठी मदत हवी ती पहिल्या सहा महिन्यांत, कारण बाई परत जाते ती त्याच काळात. संजय गांधी निराधार योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात, तेही वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर. तुमच्या पगाराला ते दार बंद आहे.

आपल्या राज्याला हा विचार नवा नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. सांगली जिल्ह्यात १९८० च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या परित्यक्ता बायका स्वतंत्र रेशनकार्ड आणि घरासाठी जागा मागत रस्त्यावर आल्या होत्या. १९९४ मध्ये देशातलं पहिलं महिला धोरण महाराष्ट्रानं केलं. "घर दोघांचे" या मोहिमेतून ग्रामपंचायतीच्या घरनोंदीच्या उताऱ्यावर (नमुना आठ) नवऱ्यासोबत बायकोचं नाव लागलं. त्यानं मालकी सिद्ध होत नाही, पण एका खेड्यातल्या अशिलानं तो उतारा दंडाधिकाऱ्यांपुढं ठेवला तेव्हा "ही इथं राहतच नव्हती" हे सासरचं म्हणणं तिथंच गळून पडलं. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारी सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावावर होते. जिथं नाव सुरुवातीलाच लागलं, तिथं माझं काम निम्मं होतं. स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे, पण ती घर विकत घेऊ शकणाऱ्या बाईच्या उपयोगाची.

तुमच्यासाठी आत्ता शक्य आहे ते असं. नोकरदार महिलांची वसतिगृहं, सरकारी नाव सखी निवास, तिथं लहान मुलासह राहता येतं का आणि जागा आहे का हे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारा. खासगी भाड्यानं बघायला जाताना एजंट पहिला प्रश्न विचारेल, "मिस्टर काय करतात?" खोटं सांगू नका, पुढं घरमालकाला कळलं की तोच बहाणा होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांचं एक पत्र घेऊन जा: या इतकी वर्षं आमच्याकडं कामाला आहेत. करार तुमच्या एकटीच्या नावावर आणि नोंदणी केलेला हवा. तो कागद हा तुमच्या नावावरचा पहिला पत्ता असेल. त्याच्यावर मुलीच्या शाळेतला पत्ता, बँक, आधार सगळं हळूहळू बदलता येतं.

आज मात्र एवढंच करा. सगळे झोपल्यावर नव्हे, तर दवाखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत १८१ ला फोन करा आणि गळा दाबल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. मुलीचा जन्मदाखला आणि दोन्ही आधार कार्डं उद्या डब्याच्या पिशवीतून नेऊन दवाखान्यातल्या कप्प्यात ठेवा. सोसायटीच्या देखभालीच्या पावत्यांपैकी एखादी तुम्ही तुमच्या खात्यातून भरली असेल तर तिचा फोटो काढून भावाला पाठवा आणि फोनमधून पुसून टाका. आणि शनिवार-रविवारी तो घरी असतो असं तुम्ही लिहिलंय, तर अर्ज शुक्रवारी दाखल करू नका. सोमवारी सकाळी करा, म्हणजे पुढचे चार-पाच दिवस कोर्ट, संरक्षण अधिकारी आणि विशेष कक्ष, सगळे जागेवर असतील.